मालकाची संमती आढळली नाही

संकल्प-कुलूप आल्यापासून माणसांचे खोटे ‘हो’ चालेनासे झाले होते. नोंदणी कार्यालयात एखादी बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला येई, ‘माझी कसलीही तक्रार नाही’ हे पढवलेले वाक्य नीट म्हणे, आणि तिच्या कपाळावरच्या पट्टीला जोडलेला दिवा तांबडा होई. भाऊ वकिलाकडे पाही, वकील छताकडे. कित्येक ठरलेली लग्ने याच दिव्यापाशी अडली. सुरुवातीला लोक चिडले, मोर्चे निघाले. मग अंगठ्याच्या ठशाची झाली तशी याचीही सवय झाली. पासवर्ड चोरता येतो आणि अंगठा धरून टेकवता येतो, पण मन कुणाला धरून टेकवता येत नाही, असे सरकारी जाहिरातीत म्हटलेले असे.

पट्टी मनातले विचार वाचत नसे. माणूस मनापासून एखादी गोष्ट करायला निघतो तेव्हा कृतीच्या क्षणभर आधी मेंदूत एक संथ लहर उठते. ती तयारीची लहर. मन नसताना तोच शब्द उच्चारला, तर त्या लहरीवर दुसरी एक खरखरीत लहर चढते, ती ओढाताणीची. पट्टी फक्त या दोन लहरी मोजून पाही. ओढाताण कमी असली की दिवा हिरवा, जास्त असली की तांबडा. ज्या चमूने हे कुलूप तपासून प्रमाणित केले, त्यात डॉ. सुनीती मोहरील होती. कुलपाला मागचे दार नको, कुणाही अधिकाऱ्याला ते परस्पर उघडता येता कामा नये, हा आग्रह तिचाच. माणसाला मन बदलण्याचा हक्क असतो, म्हणून शरीराच्या नोंदींसाठी संमती दर महिन्याला नव्याने विचारली जावी, हे कलमही तिनेच सुचवले होते. एका हक्कसोड खटल्यात तिने न्यायालयात शपथेवर सांगितले होते, “कुलूप चुकत नाही. माणूस स्वतःबद्दल चुकतो.”

आज तीच सुनीती अमरावतीच्या मज्जा-संशोधन केंद्रात, उन्हाने तापलेल्या खोलीत, पडद्यावरची दोन वाक्ये पुन्हा पुन्हा वाचत होती.

‘ही फाइल उघडण्याची अनुमती नाही. मालकाची संमती आढळली नाही.’

तिने सगळे करून पाहिले होते. व्यवस्थापकाच्या अधिकाराने प्रवेश केला. फोल्डरचे हक्क बदलले. फाइल दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या मार्गाने उघडून पाहिली. कुलपाच्या नव्या प्रणालीला ‘तू जुनीच आहेस’ असे भासवून पाहिले. प्रत्येक वेळी तीच दोन वाक्ये, त्याच सभ्यपणाने.

वरच्या मजल्यावर तिची चौदा वर्षांची मुलगी रेवती कृत्रिम श्वासयंत्रावर होती. मेंदूच्या मुळाशी, जिथून श्वासाचा ताल निघतो, तिथेच दाह झाला होता. रेवती शुद्धीवर होती, आईला ओळखत होती, पापण्यांनी हट्टही करत होती; पण तिचे शरीर श्वास घ्यायचे विसरून गेले होते. यंत्र बाहेरून हवा ढकलत होते आणि त्या ढकलण्याने तिची फुप्फुसे फाटत चालली होती. उपाय होता: श्वासचालक. काडेपेटीएवढे हे उपकरण छातीच्या पडद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूला आतूनच ताल देई. पण आजारी मज्जा निरोगी माणसाचा ताल स्वीकारत नसे. परक्या बोलीसारखा तो तिला कळतच नसे. ताल हवा होता याच दाहातून गेलेल्या आणि तरीही काही काळ स्वतःच्या बळावर श्वास घेतलेल्या माणसाचा. अशी दीर्घ नोंद माहितीतल्या एकाच माणसाची होती, आणि ती याच केंद्राच्या तळघरात, एका जुन्या फाइलमध्ये होती.

“प्रत काढ,” दारातून आत येत डॉ. फिरोज काझी म्हणाले. रेवतीवर तेच उपचार करत होते. “मूळ राहू दे तिथंच. आपल्याला प्रतीनंही भागेल.”

“प्रत निघत नाही, फिरोज. ही देहनोंद आहे. कायद्यानं ती शरीराचाच भाग धरली जाते. मूत्रपिंडाची प्रत निघते का? नोंद इथून तिथं हलवता येते. हलवली की इथली जागा रिकामी. आणि उघडणं, हलवणं, दुसऱ्याच्या नावावर करणं, सगळ्याला मालकाचं हो लागतं.”

“मालक म्हणजे तो रुग्ण? तो तर वारला.”

“रुग्ण नाही. जुन्या फायलींसाठी मालक म्हणजे ज्याच्या नावानं फाइल तयार झाली तो.” सुनीतीने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. “पी. गावंडे.”

काझी हसले, कित्येक दिवसांत ते पहिल्यांदाच हसले असावेत. “पुंडलिक गावंडे! अगं, त्या काळात आपण सगळेच पी. गावंडे होतो. नवीन खातं हवं असेल तर नागपूरला अर्ज पाठवायचा आणि दिवाळीपर्यंत वाट बघायची. गावंडेंचं खातं तेवढं चालू होतं. पासवर्ड यंत्राच्या पाठीवर खडूनं लिहिलेला असायचा. मी माझा अख्खा प्रबंध गावंडे म्हणून लिहिलाय.”

म्हणजे त्या तळघरातली प्रत्येक नोंद, ती कुणीही केलेली असो, कायद्याने एका निवृत्त प्रयोगशाळा-सहायकाची होती. सुनीतीला क्षणभर हलके वाटले. मालक जिवंत होता, गावातच होता, सज्जन होता.

“तुला माहीत आहे ना,” काझी हळू आवाजात म्हणाले, “तो रुग्ण कोण होता ते?”

तिला माहीत होते. तो अनंता गावंडे होता. पुंडलिकरावांचा एकुलता एक मुलगा.

*

गावंडे निरोप मिळताच आले. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात घरच्या लिंबांची पिशवी. रेवतीच्या खोलीच्या काचेपाशी ते बराच वेळ उभे राहिले.

“काऊन बोलावलं नाही मले आधी?” ते म्हणाले. “तुमचं फाइल-बिइलचं मले काही समजत नाही मॅडम, पन लेकरू मरून रायलं आन् माझ्या एका सहीसाठी थांबलं, हे काय झालं?”

“सही नाही गावंडेभाऊ. पट्टी लावून मनापासून हो म्हणायचं.”

“मंग लावा ना. मन काय घरी ठेवून आलो काय मी?”

सुनीतीने त्यांना सगळे नीट समजावले, कारण अर्धवट माहितीवर दिलेली संमती कायदा मानत नसे. नोंद नव्या प्रणालीत उघडली की ती श्वासचालकात जाईल. जुन्या रूपात ती उरणार नाही. तळघरातले ते जुने यंत्र पुन्हा चालणार नाही.

“काचेची छाती?” गावंडेंनी विचारले.

“हो.”

काचेची छाती हे त्या यंत्राला केंद्रातल्या लोकांनी दिलेले नाव. काचेच्या पेटीत एक रबरी पडदा होता. जुन्या नोंदीतले मज्जेचे संकेत त्याला दिले की तो त्या रुग्णासारखाच वरखाली होई. कधी काळी, कुलूप येण्याआधी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ते बांधले होते; त्यावर नोंद नुसती चालवून पाहता येई, तिथून बाहेर काढता येत नसे. अनंता गेल्यावर दर वर्षी त्याच्या श्राद्धाच्या दिवशी, आणि मधूनमधून उगाचच, गावंडे तळघरात जात, खडूने लिहिलेला तो पासवर्ड घालत आणि मुलाचा श्वास सुरू करून त्यापाशी बसून राहत. केंद्रात कुणी त्यांना कधी अडवले नव्हते.

मग दुपट्टा काढून त्यांनी कपाळ पुढे केले. “थो गेला, मॅडम. हे लेकरू हाये. लावा.”

पट्टी लावली. पडद्यावर प्रश्न उमटला. गावंडे खणखणीत आवाजात म्हणाले, “हो.”

दिवा तांबडा झाला.

“चुकून झालं असंन,” ते म्हणाले. “पुन्हा विचारा.”

पुन्हा विचारले. पुन्हा तांबडा. काझींनी पट्टी काढून स्वतःला लावून पाहिली, एका परिचारिकेला लावून पाहिली. पट्टी ठीक होती. गावंडेंना पाणी दिले, आडवे केले, पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी डोळे मिटून, हात जोडून, ओरडून, पुटपुटून हो म्हटले. पडद्यावरची वाक्ये बदलली नाहीत.

शेवटी त्यांनी स्वतःच पट्टी उतरवली. एवढा धिप्पाड माणूस, पण चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“म्हंजे मी खोटं बोलून रायलो?”

“नाही, गावंडेभाऊ.”

“मंग हा दिवा काय म्हनते? मले नाही द्यायचं? एका पोरीचा जीव चालला आन् मी रबराचा तुकडा धरून बसलो, असाच मानूस हावो का मी?”

आयुष्यात प्रथमच सुनीतीला आपल्या कुलपाचा खरा अर्थ कळत होता. देणे म्हणजे जे सोडवत नाही ते सोडणे. काळीज मागे ओढत असताना हात पुढे करणे. जगात जे काही मोठे दान झाले असेल ते अशाच ओढाताणीतून झाले असेल. आणि तिने असे यंत्र प्रमाणित केले होते की त्याला ओढाताण दिसली की ते दानच नाकारत होते. ज्याला काहीच वाटत नाही त्याचेच ‘हो’ ते मानत होते.

“औषध देऊन ओढाताण दाबता येईल?” काझींनी तिला बाजूला घेऊन विचारले.

“पट्टी औषध ओळखते. ती चाचणी मीच लिहिली.”

“किती चाचण्या लिहिल्यास गं तू,” काझी म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, थकवा होता. “तिचं डावं फुप्फुस आज पुन्हा फाटलं. मी फार दिवस नाही धरून ठेवू शकत तिला.”

*

गावंडेंनी स्वतःच एक उपाय काढला होता. “मले एकदा त्याच्यापाशी बसू द्या,” ते म्हणाले. “निरोप घेतो. मंग मन मोकळं होईन.”

सुनीती त्यांच्याबरोबर तळघरात उतरली. वरच्या उन्हानंतर तिथला गारवा अंगावर आला. गावंडेंनी यंत्र सुरू केले. काचेआड रबरी पडदा उचलला, खाली गेला, पुन्हा उचलला. छोट्या भात्यातून हवा जाण्यायेण्याचा आवाज येत होता. काही श्वास झाले आणि पडदा मधेच थबकला. मग एक उसासा: दोन पायऱ्यांचा. आधी अर्धा, जरा थांबून उरलेला.

“पाह्यलं?” गावंडे कौतुकाने म्हणाले. “उंबरठ्याले अडखळल्यासारखा. हाच थो.” त्यांचे बोट काचेवर ताल धरत होते; उसासा यायच्या जरा आधी ते उचलले जाई. “बाबू,” ते पेटीला म्हणाले, “आता तुले एका ताईच्या घरी जायचं हाये बरं का.”

तेवढे बोलून ते रडू लागले, आणि सुनीतीला कळून चुकले की आता दिवा आणखीच तांबडा होईल. निरोपाने माया सुटत नाही, उलट जागी होते. या माणसाला आपण वर्षभर इथे बसवले तरी तो मुलाला मनापासून सोडू शकणार नाही, कारण तो चांगला बाप आहे. आणि वर जी पडली आहे तीही कुणाची तरी मुलगी आहे, माझी आहे.

नेमक्या त्या क्षणी, काझींनी हसत सांगितलेली गोष्ट तिला आठवली. आपण सगळेच पी. गावंडे होतो.

विचार पुरा व्हायच्या आत तिने तोंड उघडले होते.

“गावंडेभाऊ. एक गोष्ट मला काल जुन्या नोंदी तपासताना दिसली. सांगू की नको, कळत नव्हतं.”

त्यांनी डोळे पुसून तिच्याकडे पाहिले.

“अनंताच्या बाजूच्या खाटेवर त्याच आजाराचा आणखी एकजण होता. आठवतो?”

“परतवाड्याचा. सायकलच्या दुकानाचा. लगेच गेला थो.”

“लगेच नाही. दोघांच्या नोंदी एकाच वेळी चालल्या होत्या, आणि सगळे तुमच्याच खात्यावरून काम करत होते. नावांची अदलाबदल झाली.” तिचा आवाज शांत होता, न्यायालयात असे तसा. “अनंताच्या नोंदीवर दुसरी नोंद चढली. ती पुसली गेली. ही जी आहे, ती त्या परतवाड्याच्या माणसाची आहे.”

पडदा वर उठला, खाली गेला.

“पन उसासा...” गावंडे म्हणाले.

“आजार एकच होता. या आजारात श्वास असाच येतो.”

यातले काहीही खरे नव्हते. परतवाड्याचा माणूस दुसऱ्याच दिवशी गेला होता आणि त्याची नोंद झालीच नव्हती. उसासा ज्याचा त्याचा असतो, हस्ताक्षरासारखा. हे सुनीतीइतके कुणालाच ठाऊक नव्हते. गावंडे मात्र तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती अविश्वासाची नव्हती. शिकलेल्या माणसाने कागद पाहून सांगितलेली गोष्ट होती. आयुष्यभर त्यांनी अशा गोष्टी मानल्या होत्या.

मग त्यांनी काचेवरचा हात काढला आणि धोतराला पुसला.

“एवढे वर्ष,” ते म्हणाले आणि चमत्कारिक हसले, “कोनाच्या श्वासाले बाबू म्हनलो मी. त्याच्या घरच्यांना तरी माईत हाये का बिचाऱ्यांना?”

वर आल्यावर पट्टी लावली. त्यांनी अगदी सपाट आवाजात हो म्हटले, आणि दिवा हिरवा झाला.

*

रेवती जगली. श्वासचालकाने ताल धरला, बाहेरचे यंत्र निघाले, घशातली नळी निघाली. पहिल्यांदा बोलली तेव्हा तिने लिंबाचे सरबत मागितले. तिच्या श्वासात मधूनच एक थबकणे येई आणि मग दोन पायऱ्यांचा उसासा. बोलता बोलता आला की ती चिडे. “आई, हे काय मधेच भलतंच?” सुनीती म्हणे, “सवय होईल.” तिला स्वतःला ती होत नव्हती. रात्रंदिवस ती मुलीच्या छातीकडे पाही, आणि त्या उसाशापाशी तिची नजर खाली जाई.

महिना संपत आला की गावंडे येत. पट्टी लावत, हो म्हणत, दिवा हिरवा होई आणि ते निघून जात. तळघराकडे वळतही नसत. दुसऱ्या खेपेला सुनीतीने सहज विचारल्यासारखे विचारले, यंदा श्राद्ध कधी? ते म्हणाले, “आता घरीच करतो. फोटो हाये ना.” त्यांचा चेहरा उतरला होता. हाडापेराने मजबूत माणूस, पण कुणीतरी आतून काही काढून घेतल्यासारखा चालत होता. काय काढून घेतले ते सांगता येण्याजोगी व्यक्ती जगात एकच होती, आणि तिने ते कधीही सांगायचे नव्हते. ते खरे जाणतील त्या महिन्यात दिवा तांबडा होईल. दिवा तांबडा झाला की नियमाप्रमाणे संध्याकाळपर्यंत ताल श्वासचालकातून काढून घेतला जाईल, आणि रेवतीची फाटलेली फुप्फुसे पुन्हा बाहेरच्या यंत्राला टिकणार नाहीत. हे खोटे तिला एकदा बोलून भागले नव्हते. रेवती जगेपर्यंत ते जगवायचे होते.

पुढच्या खेपेला गावंडे जरा लवकर आले. तपासणीची खोली रिकामी नव्हती, म्हणून परिचारिकेने त्यांना रेवतीच्याच खोलीत बसवले. सुनीती पट्टी घेऊन आली तेव्हा मुलगी दुपारची झोपली होती आणि गावंडे खाटेजवळ खुर्ची ओढून बसले होते. त्यांचा हात खाटेच्या कठड्यावर होता.

त्यांचे एक बोट ताल धरत होते. ते उचलले गेले. मग रेवती थबकली. मग उसासा आला.

“किती गाढ झोपली,” गावंडे सुनीतीकडे न पाहता म्हणाले. “मॅडम, पोरगी आधीपासूनच असे उसासे टाकत होती काय? लहानपनी, झोपेत?”

“नाही हो,” सुनीती म्हणाली. आपल्या लेकराची झोप कुठल्या आईला ठाऊक नसते? “ती तर इतकी शांत झोपायची की मी नाकापाशी हात धरून बघायची. हे आत्ता, या—”

ती थांबली.

“अनंता टाकत होता,” गावंडे म्हणाले. “पाळन्यात होता तवापासून. आजार-बिजार काहीच नव्हता. माझी बायको म्हने, हा उंबरठ्याले अडखळते.” त्यांनी आता वर पाहिले. “तुमी म्हनल्या आजारात असा येते. मी म्हनलं, असंन. घरी गेलो, झोप नाही लागली. पाळन्यात कोनता आजार होता?”

खोलीत फक्त श्वास ऐकू येत होता. सुनीतीची नजर खाली गेली, आणि तेच उत्तर झाले.

तिला वाटले ते ओरडतील. निघून जातील. त्यांनी फक्त खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली आणि झोपलेल्या मुलीच्या छातीकडे पाहत राहिले. वाळवंटात पाण्याकडे पाहावे तसे.

“मी रागावलो नाही जी,” ते काही वेळाने म्हणाले. “मी तुमच्या जागी असतो तर याच्याहून मोठं खोटं बोललो असतो. अनंतासाठी.” त्यांनी हात पुढे केला. “द्या थे पट्टी. आज तारीख हाये ना?”

“आज राहू द्या, गावंडेभाऊ. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. थोडं—”

“द्या. आता तर मले खुशीच हाये. माझ्या पोराचा श्वास जिवंत मानसात चालून रायला. याच्याहून काय पाह्यजे?”

त्यांनी स्वतःच पट्टी बांधली. पडद्यावर प्रश्न आला. गावंडे म्हणाले, “हो,” आणि सुनीतीने ते ऐकले, आणि तिला शपथेवर सांगता आले असते की याहून खरे हो तिने आयुष्यात ऐकले नाही.

दिवा तांबडा झाला.

“नाही,” गावंडे म्हणाले. “नाही, नाही. हो म्हनून रायलो मी. हो.”

तांबडा.

“पाहा मॅडम, मले पाह्यजेच नाही परत. ठेवू द्या तिच्यापाशी.” आणि हे म्हणताना त्यांचा हात कठड्यावरून पुढे सरकून मुलीच्या छातीपासून वीतभर अंतरावर, हवेत थांबला होता, त्या वरखाली होण्यावर तरंगत. त्यांना ते ठाऊकही नव्हते. “हो. हो. हो म्हनतो बाप्पा, अजून कसं म्हनू?”

पडद्यावर तीच सभ्य वाक्ये होती. अनुमती नाही. मालकाची संमती आढळली नाही.

संध्याकाळ अजून दूर होती. खिडकीबाहेर ऊन पांढरे झाले होते. सुनीती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. तिने सगळे करून पाहिले होते. आता करण्यासारखे काही उरले नव्हते. समोर एक माणूस होता जो जीव ओवाळून द्यायला तयार होता, आणि त्याचे ते देणे घेऊ शकेल असे काहीही तिने या जगात शिल्लक ठेवले नव्हते.

गावंडे खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर खाली बसले. पट्टी अजून त्यांच्या कपाळावरच होती.

“मॅडम,” ते म्हणाले, “मले पुन्हा सांगा.”

“काय?”

“थे. परतवाड्याच्या मानसाचं. नावांची अदलाबदल झाली म्हनून. त्या दिवशी सांगितलं तसंच सांगा, त्याच आवाजात.” त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. “तवा दिवा हिरवा झाला होता. मी नीट ऐकतो. मानायचा प्रयत्न करतो. चांगलं सांगा, मॅडम. असं सांगा की मले वाटलं पाह्यजे.”

सुनीतीने खाकरून गळा साफ केला.

“अनंताच्या बाजूच्या खाटेवर,” ती म्हणाली, “आणखी एकजण होता. परतवाड्याचा. सायकलचं दुकान होतं त्याचं.”

“हो,” गावंडे डोळे मिटून म्हणाले. “टोपी घालत होता.”

“टोपी घालत होता. त्याला दोन मुली होत्या. त्याच्या बायकोनं सांगितलं होतं की तो झोपेत उसासे टाकतो. लहानपणापासून. दोन पायऱ्यांचे.”

“लहानपनापासून,” गावंडे म्हणाले. “दोन पायऱ्यांचे. हो. असू शकते.”

“अनंताची नोंद पुसली गेली, गावंडेभाऊ. ही त्याची नाही.”

“नाही,” ते म्हणाले. “त्याची नाही.”

वर, खाटेवर, रेवतीचा श्वास संथ चालला होता. उसासा आता येणार होता. गावंडेंचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि चेहऱ्यावर एखादे स्तोत्र पाठ म्हणणाऱ्या मुलाची एकाग्रता होती; पण सुनीतीच्या हातातून सुटून त्यांचे उजवे बोट हवेत उचलले गेले, उसाशाच्या जरा आधी, आणि त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट दाबून धरले.

“सांगा,” ते म्हणाले. “थांबू नका.”